वीस बाळंतपणांची अट

फेब्रुवारी १९३० मध्ये लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदुस्थानातल्या विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्या मानायचे बंद केले. मुंबई, कलकत्ता, मद्रास, सगळ्यांच्याच. पुढच्या महिन्यात दांडीयात्रा निघाली आणि त्या गदारोळात ही बातमी बुडून गेली; स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांत ती आजही सहसा सापडत नाही. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात किंवा परळच्या नव्या के.ई.एम.मध्ये शिकणाऱ्या मुलांना मात्र तिचा अर्थ लगेच कळला असणार. मुंबई विद्यापीठाच्या एम.बी.बी.एस.च्या जोरावर विलायतेच्या रजिस्टरात नाव घालता येई, ते दार आता बंद झाले. कौन्सिलच्या तक्रारीचा गाभा असा, की इथली मुले पदवी घेतात पण त्यांनी स्वतःच्या हातांनी पुरेशी बाळंतपणे केलेली नसतात.

ही तक्रार खोटी नव्हती, म्हणूनच हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. साहेबाने निव्वळ खोडसाळपणे पदव्या नाकारल्या असत्या, तर निषेधाच्या दोन ओळींत विषय संपला असता. इथे दोन खऱ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या. बाळंतपणाचे शिक्षण अपुरे होते, हे खरे. आणि ते अपुरे आहे असे ठरवण्याचा अधिकार पाच-सहा हजार मैलांवरच्या एका मंडळाकडे होता, ज्यात हिंदुस्थानचा आवाज नव्हता, हेही खरे.

या मंडळाचा जन्म १८५८ च्या कायद्यातून झाला. शिकलेला डॉक्टर कोण आणि भोंदू कोण हे लोकांना कळावे म्हणून एक सरकारमान्य रजिस्टर करायचे, कोणत्या संस्थांच्या परीक्षा त्यासाठी धरायच्या ते ठरवायचे, आणि गैरवर्तन करणाऱ्याचे नाव काढून टाकायचे, हे त्याचे काम. १८८६ च्या दुरुस्तीने वसाहतींतल्या आणि परदेशांतल्या पदव्यांनाही या रजिस्टरात वाट मिळाली. तत्त्व देवाणघेवाणीचे होते: तुम्ही आमचे डॉक्टर घ्या, आम्ही तुमचे घेऊ. १८९२ पासून हिंदी विद्यापीठांच्या पदव्या त्यात धरल्या जाऊ लागल्या. हिंदुस्थानच्या बाबतीत ही देवाणघेवाण नावालाच होती, कारण विलायती डॉक्टर इथे येऊन दवाखाना थाटू लागला तर त्याची पदवी तपासणारे कुणी नव्हते.

मुंबई इलाख्यात त्या काळी रजिस्टरच नव्हते. आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र. परत येताना त्यांच्या हातात कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूक होती. स्त्रियांचा विभाग त्यांनी सांभाळायचा होता. अमेरिकेची पदवी इथे चालते का, असे विचारायला कायदाच नव्हता. दरबाराने नेमले, विषय संपला. त्या रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. रखमाबाई मात्र विलायतेत शिकल्या, स्कॉटलंडच्या परीक्षा देऊन १८९४ मध्ये पात्र ठरल्या आणि पुढे सुरत-राजकोटकडे आयुष्यभर स्त्रियांवर उपचार करत राहिल्या. ज्या दोघींची नावे आपण शाळेपासून ऐकतो, त्या दोघींनाही परदेशी शिकून यावे लागले आणि दोघींच्याही समोर प्रश्न तोच होता: परक्या पुरुषासमोर न जाणाऱ्या बायकांना डॉक्टर कुठून मिळणार? १९३० च्या भांडणाच्या मुळाशीही हाच प्रश्न होता. कागदोपत्री तो वेगळ्या भाषेत मांडला गेला, एवढेच.

१९१२ मध्ये मुंबई इलाख्याने नोंदणीचा कायदा केला. हिंदुस्थानातला हा पहिलाच. मुंबई मेडिकल कौन्सिल आले, रजिस्टर आले, आणि त्याबरोबर त्या रजिस्टरावर पकड कुणाची हा वादही आला. सरकारी वैद्यकाची सगळी वरची पदे इंडियन मेडिकल सर्व्हिसकडे होती. मुळात ही लष्कराची सेवा. तिचे अधिकारी शांततेच्या काळात जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन होत, तुरुंग बघत, कॉलेजात प्राध्यापक होत. हिंदी माणसांना तिची परीक्षा १८५५ पासून खुली होती, पण आत शिरलेले थोडेच. ग्रँट कॉलेजात प्राध्यापकी मिळवायची तर बहुधा हा रस्ता धरावा लागे. स्वतःच्या खर्चाने लंडनला जाऊन एम.डी. किंवा एफ.आर.सी.एस. होऊन आलेला मुंबईकर डॉक्टर गिरगावात उत्तम प्रॅक्टिस करू शके. ज्या कॉलेजात शिकला तिथे शिकवायला मात्र त्याला जागा नसे.

या काळातली पुण्याची एक रात्र इथे आठवते. १२ जानेवारी १९२४. येरवड्याचे कैदी असलेले गांधीजी आंत्रपुच्छाच्या दुखण्याने ससून रुग्णालयात आणले गेले. शस्त्रक्रिया करणार होते कर्नल मॅडॉक, सरकारी सर्जन. गांधीजींना आपल्या विश्वासाचे डॉक्टर हवे असतील तर बोलावू, असे त्यांना सांगण्यात आले, मुंबईचे डॉ. दलाल आणि बडोद्याचे डॉ. जीवराज मेहता यांची नावे निघाली, पण तेवढा वेळ नव्हता. गांधीजींचे स्नेही श्रीनिवास शास्त्री आले. शस्त्रक्रियेला माझी संमती आहे, डॉक्टरांनी माझी नीट काळजी घेतली आहे, काही बरेवाईट झाले तर लोकांनी सरकारविरुद्ध रान उठवू नये, अशा अर्थाचे निवेदन त्यांनी लिहून घेतले आणि गांधीजींनी गुडघे उचलून, थरथरत्या हाताने त्यावर सही केली. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि शेवटचा भाग कंदिलाच्या उजेडात उरकावा लागला. मॅडॉकनी काम चोख केले. त्यांच्या हाताबद्दल कुणाला शंका नव्हती. तरीही रोगी बरा झाला नाही तर देश पेटेल, अशी भीती सगळ्यांना होती आणि म्हणून कागद करून ठेवावा लागला. एकाच राज्यात डॉक्टरची लायकी आणि डॉक्टरवरचा विश्वास इतके फाटले होते.

जीवराज मेहता स्वतः ग्रँट कॉलेजचे विद्यार्थी आणि लंडनचे एम.डी. पुढच्याच वर्षी परळला शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि ते त्याचे डीन झाले. गोरधनदासांच्या विश्वस्तांनी देणगी देताना एक अट घातली होती: इथे शिकवणारे सगळे योग्य शिक्षण घेतलेले, सरकारी नोकरीत नसलेले हिंदी लोक असावेत. कॉलेजला जोडलेले के.ई.एम. जानेवारी १९२६ मध्ये उघडले. त्याआधी, १९२१ मध्ये, असहकाराच्या वाऱ्यात नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले होते. तेच पुढे टोपीवाला नॅशनल आणि नायर रुग्णालय झाले. मुंबईच्या डॉक्टरांनी आपली लायकी अशी विटा-चुन्यात बांधून दाखवली. सरकारी खात्याकडे अर्ज-विनंत्या करत बसण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी मोलाचा होता, असे माझे मत आहे.

आता त्या वीस बाळंतपणांकडे.

पहिल्या महायुद्धानंतर विलायतेत बाळंतमृत्यूंची मोठी चर्चा सुरू झाली होती. इंग्लंडमध्ये इतर रोगांचे मृत्यू घटत होते, पण दर हजार बाळंतपणांमागे चारच्या आसपास बायका मरत होत्या आणि हा आकडा हलत नव्हता. डॉक्टर मंडळी घाईने चिमटे लावतात, हात नीट धुवत नाहीत, मुळात त्यांना कॉलेजात हे काम पुरेसे शिकवलेच जात नाही, अशी टीका खुद्द ब्रिटिश आरोग्य खात्यातून होत होती. म्हणून कौन्सिलने नियम घट्ट केला: प्रत्येक विद्यार्थ्याने देखरेखीखाली स्वतः वीस बाळंतपणे केलेली असावीत. नियम आधी त्यांच्याच मुलांसाठी होता. मग ज्यांच्या पदव्या आपण मानतो त्यांनाही तो लागू हवा, असे ओघानेच आले.

हिंदुस्थानात तो पाळणे अवघड होते, आणि कारणे मुलांच्या आळसात नव्हती. त्या काळचे मुंबईच्या चाळीतले बाळंतपण डोळ्यांपुढे आणा. दहा बाय बाराची खोली, एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात जुनेर आडवे बांधून केलेला आडोसा. खिडकी असलीच तर वारा लागू नये म्हणून लावून घेतलेली. आत शेगडी, ओव्याची धुरी, आणि सुईण. तिच्या हातात पिढ्यांचे कसब असे, आणि बऱ्याचदा नखांत जंतूही. घरचे पुरुष बाहेर गॅलरीत. त्या आडोशापलीकडे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला नुसते पाहायला उभे करायचे म्हटले तरी घर उठले असते. इस्पितळात यायला बायका तयार नसत. आल्या तरी स्त्री-डॉक्टर आहे म्हणून येत. मुंबईचे कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये निघाले ते याच कारणाने; तिथे सगळा कारभार बायकांचा, एडिथ पीची यांच्यासारख्या डॉक्टरांच्या हाती. बायकांना तिथे विश्वास वाटे तो पुरुष नसल्यामुळे, आणि म्हणूनच मेडिकलच्या मुलांना तिथे प्रवेश नसे. ग्रँटच्या मुलांची भिस्त जे.जे.च्या आवारातल्या बाई मोटलीबाई प्रसूतिगृहावर. मद्रासला एग्मोरचे जुने आणि मोठे रुग्णालय होते. इतर ठिकाणी खाटा थोड्या, मुले पुष्कळ.

यावर उपाय होते. जास्त प्रसूतिगृहे, जास्त स्त्री-डॉक्टर, कामगार वस्तीत आधी विश्वास आणि मग वॉर्ड. परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ मध्ये के.ई.एम.च्या शेजारीच उघडले, ते गिरणगावच्या बायकांसाठी. म्हणजे जिथे पैसा आणि माणसे उभी राहिली तिथे गोष्टी बदलत होत्या. कौन्सिलला मात्र इस्पितळ उभे करायचे नव्हते, तिला तपासणी करायची होती. एडिंबरोचे सर नॉर्मन वॉकर, पुढे हेच कौन्सिलचे अध्यक्ष झाले, १९२२ मध्ये इथली कॉलेजे बघून गेले. बाळंतपणाच्या शिक्षणाबद्दल त्यांचा शेरा वाईट होता. १९२४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची मान्यता काही काळ गेलीसुद्धा. बाकीच्यांवर टांगती तलवार.

कौन्सिलचे पुढचे म्हणणे असे: दर वेळी लंडनहून माणूस पाठवणे परवडत नाही, तेव्हा हिंदुस्थान सरकारने इथेच एक तपासणी अधिकारी नेमावा, त्याने कॉलेजे फिरून आम्हाला खात्री द्यावी. सरकार राजी झाले आणि त्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसमधलाच माणूस पुढे केला. हिंदी डॉक्टरांचा संयम इथे संपला. १९२८ मध्ये कलकत्त्याला त्यांची अखिल भारतीय संघटना झाली होती. त्यांची मागणी सरळ होती: तपासणी करा, जरूर करा, पण ती करणारे मंडळ आमचे असू द्या. ज्या सेवेने आम्हाला कॉलेजाबाहेर ठेवले तिच्याच अधिकाऱ्याने आमच्या शिक्षणाला प्रशस्तिपत्र द्यायचे, हे आम्ही मानणार नाही. केंद्रीय विधिमंडळाने त्या अधिकाऱ्याच्या खर्चाला मंजुरी नाकारली. मग, खात्रीलायक माहिती मिळत नाही असे सांगून, फेब्रुवारी १९३० मध्ये कौन्सिलने सरसकट मान्यता काढली.

सरसकट हा शब्द मला खुपतो. मुंबईचे शिक्षण कलकत्त्यासारखे होते का, मद्रासमध्ये खाटा किती होत्या, याची वेगवेगळी छाननी करून निर्णय झाला असता तर तो लायकीचा निवाडा म्हणता आला असता. प्रत्यक्षात शिक्षा विद्यार्थ्यांना झाली ती विधिमंडळाने पैसा नाकारला म्हणून. विठ्ठल नागेश शिरोडकरांचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. गोव्यातल्या शिरोड्याचे हे गृहस्थ १९२३ मध्ये मुंबईत एम.बी.बी.एस. झाले, १९२७ मध्ये इथेच स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रात एम.डी., आणि १९३१ मध्ये विलायतेत एफ.आर.सी.एस. गर्भ टिकत नाही अशा बायकांसाठी गर्भाशयमुखाला टाका घालण्याची त्यांची शस्त्रक्रिया १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर शिरोडकर टाका म्हणून रूढ झाली. ज्या शहरात, ज्या दशकात आणि ज्या विषयात हिंदी शिक्षण कमी पडते असा शेरा होता, नेमके तिथेच हे शिक्षण झाले होते. एका थोर माणसावरून सगळ्या वर्गाची लायकी सिद्ध होत नाही, हे मान्य. पण सगळ्या वर्गावर मारलेल्या फुलीत असा माणूसही येतो, हे फुली मारणाऱ्याने लक्षात घ्यायला हवे होते.

पलीकडे गोव्यातही असेच काही चालू होते. पणजीच्या वैद्यकशाळेतून, ती १८४२ पासूनची, शिकून निघालेल्या गोवेकर डॉक्टरांना आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत हक्काने पाठवले जाई. त्यांना खुद्द पोर्तुगालमध्ये प्रॅक्टिस करायची झाली तर मात्र तिथे पुन्हा शिकून परीक्षा द्यावी लागे. मोझांबिकच्या रोग्यासाठी जो पुरेसा लायक, तो लिस्बनच्या रोग्यासाठी नाही.

मान्यता गेल्यावर सरकार हलले. चर्चा झाल्या, मसुदे झाले आणि १९३३ मध्ये इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला. देशाची स्वतःची कौन्सिल झाली. कॉलेजांच्या परीक्षा ती तपासणार, किमान दर्जा ती ठरवणार, परदेशी मंडळांशी परस्पर मान्यतेची बोलणी ती करणार. डॉक्टरांची मुख्य मागणी पदरात पडली, आणि थोड्याच वर्षांत लंडननेही मान्यतेचे दार पुन्हा उघडले.

पण या विजयाची किंमत घरातल्याच लोकांनी मोजली. नव्या कौन्सिलचे लक्ष फक्त विद्यापीठाच्या पदवीधरांवर होते. पुण्याच्या बी.जे. मेडिकल स्कूलमधून किंवा नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून तीन-चार वर्षे शिकून बाहेर पडणारे लायसन्शिएट तिच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. विलायतेला दाखवायचा दर्जा उंच हवा, आणि लायसन्शिएट आत घेतले तर लंडन तोंड फिरवील, असा युक्तिवाद झाला. आपल्याला ज्या मापाने बाहेर ठेवले त्याच मापाने आपण दुसऱ्यांना बाहेर ठेवले, आणि तेही स्वतःची कौन्सिल मिळाली त्याच दिवशी. या कहाणीतला मला सर्वांत दुःखद वाटणारा भाग हाच. तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात बसणारा, प्लेगच्या छावणीत जाणारा, रात्री बैलगाडीतून अडलेल्या बाईकडे पोचणारा डॉक्टर बहुधा लायसन्शिएटच असे. १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदणी झालेले डॉक्टर ४७,५२४ होते. त्यांत पदवीधर १७,६५४ आणि लायसन्शिएट २९,८७०. दर्जा राखायला काढलेल्या मंडळाला देशातल्या जवळजवळ दोनतृतीयांश डॉक्टरांशी कर्तव्य नव्हते.

त्याच अहवालात दुसरा आकडा आहे. दर हजार जन्मांमागे सुमारे वीस बायका बाळंतपणात मरत होत्या. वर्षाला दोन लाखांच्या घरात. वीस बाळंतपणांवरून एवढे रण माजले, मान्यता गेली आणि परत आली, पण आडोशापलीकडल्या त्या बाईपर्यंत ना लंडनची तपासणी पोचली ना दिल्लीची कौन्सिल. तिचे नाव या वादात पुराव्यापुरतेच आले.

पुढे लायसन्शिएटचे शिक्षण बंद करायचे ठरले. बी.जे. १९४६ मध्ये आणि नागपूर १९४७ मध्ये पूर्ण कॉलेज झाले, आणि १९५६ च्या नव्या कायद्याने जुन्या लायसन्शिएटांनाही देशाच्या रजिस्टरात जागा मिळाली.

लंडनशी झालेला समेट चार दशकेही टिकला नाही. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा एव्हाना भारत-पाकिस्तानच्या डॉक्टरांवर मोठ्या प्रमाणात चालत होती. १९७५ मध्ये मेरिसन समितीने परदेशी डॉक्टरांच्या दर्जावर बोट ठेवले. त्याच वर्षी लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा काढली आणि पदवी बघायच्या ऐवजी माणसाची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. इंग्रजी आणि वैद्यकीय ज्ञान, दोन्हींची. पहिल्या परीक्षांत जेमतेम एकतृतीयांश लोक पास झाले. हीच परीक्षा पुढे प्लॅब म्हणून आपल्या मुलांच्या तोंडी बसली. भारतानेही उलट ब्रिटिश पदव्यांची मान्यता काढली, पण तोवर तिकडून इकडे येणारा होताच कोण? तरी माझ्या मते हा बदल १९३० पेक्षा न्याय्य होता. कॉलेजवर सरसकट फुली मारण्यापेक्षा समोर बसलेल्या माणसाला काय येते हे बघणे केव्हाही बरे.

आता तीच खुर्ची आपल्याकडे आली आहे. रशिया, युक्रेन, चीन, फिलिपिन्समध्ये शिकून परतणाऱ्या भारतीय मुलांसाठी २००२ पासून आपली परीक्षा आहे. तीनशे प्रश्न, दीडशे बरोबर आले की पास, आणि बहुतेक वेळा बहुसंख्य मुले नापास होतात. २०२२ च्या युद्धात युक्रेनहून हजारो मुले शिक्षण अर्धवट टाकून परतली, त्यांत मराठी मुलेही पुष्कळ. त्यांच्या लायकीचा निवाडा आता आपले मंडळ करते आणि ते करण्याचा अधिकार त्याला निःसंशय आहे. पण तीनशे प्रश्नांची उत्तरे पर्यायांवर खूण करून द्यायची असतात. पायाळू मूल हाताला कसे लागते, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी पुढचे इंटर्नशिपचे वर्ष आहे, आणि त्या वर्षात प्रसूतिकक्षात खरोखर किती रात्री घालवल्या याची नोंद जितकी काटेकोर ठेवली जाईल, तितकाच त्या परवान्याला अर्थ राहील.